घरी बसून कॅनडा? आधी हिशेब मांडू या

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. दहावीपर्यंत आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकली, पुढे बी.कॉम. चांगल्या गुणांनी पास झाली. वडिलांची उमेदीची वर्षे कुवेतमध्ये गेली. त्यांच्या हातात शहरातल्या एका सल्लागाराचे गुळगुळीत माहितीपत्रक होते.

"सर, कॅनडाच्या कॉलेजचा सोळा महिन्यांचा कोर्स आहे, बिझनेस मॅनेजमेंटचा. पहिले चार महिने ऑनलाइन, घरी बसून. तेवढा राहण्या-खाण्याचा खर्च वाचतो. पुढे नोकरीचा परवाना, मग पी.आर. ऑनलाइनचे महिनेही मोजतात म्हणे. पैसे भरू का?"

प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. मुलीला एकदम इतक्या दूर पाठवायला त्यांचे मन धजत नव्हते. 'ऑनलाइन' हा त्यांना मधला मार्ग वाटला होता. असा मधला मार्ग आज आपल्या बऱ्याच घरांत शोधला जातो, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. म्हणून त्या दुपारी आम्ही तिघांनी कॅनडा सरकारचे नियम समोर ठेवून जे वाचले आणि मोजले, ते इथे मांडत आहोत.

सवलत कोरोनातली, जाहिरात आजची

कॅनडात शिक्षण पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्याला पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट म्हणतात. तो आयुष्यात एकदाच मिळतो. त्यावर कोणत्याही मालकाकडे काम करता येते, म्हणून त्याची किंमत मोठी. आठ महिन्यांपेक्षा लहान कोर्सला तो मिळत नाही. आठ महिने ते दोन वर्षे या दरम्यानच्या कोर्सला साधारण कोर्सच्या मुदतीएवढा, आणि दोन वर्षे किंवा अधिकच्या कोर्सला तीन वर्षांचा मिळतो. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स पदवी दोन वर्षांहून लहान असली तरी तीन वर्षांचा परवाना मिळू शकतो.

मार्च २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा कॅनडाने सवलत दिली. विद्यार्थी आपल्या देशात बसून ऑनलाइन शिकला तरी तो काळ परवान्यासाठी धरला जाई. ही सवलत आता संपली आहे. आज कोर्स सुरू करणाऱ्यांसाठी नियम असा: किमान निम्मा अभ्यासक्रम कॅनडात, प्रत्यक्ष वर्गात बसून झाला पाहिजे, आणि कॅनडाबाहेर राहून ऑनलाइन केलेला काळ परवान्याच्या मुदतीतून वजा होतो.

म्हणजे सल्लागाराने सांगितले ते एके काळी खरे होते. आज ते खरे नाही.

चार महिन्यांची किंमत

मुलीने कागद घेतला. सोळा महिन्यांच्या कोर्सवर सोळा महिन्यांचा परवाना. चार महिने घरी बसून ऑनलाइन केले तर उरले बारा. वडील म्हणाले, "बारा तर बारा, एक वर्ष काय कमी आहे?"

इथे दुसरा नियम येतो. कॅनडात शिकून तिथेच स्थायिक होऊ पाहणारे बहुतेक विद्यार्थी 'कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास' या मार्गाने अर्ज करतात. त्यासाठी कॅनडात किमान एक वर्षाचे कुशल कामाचे अनुभवपत्र लागते, म्हणजे १,५६० तास. आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त काम केले तरी जास्तीचे तास धरत नाहीत, त्यामुळे वर्ष घाईने उरकता येत नाही. पूर्णवेळ शिकत असताना केलेले काम यात मोजत नाहीत. दुकानातल्या गल्ल्यावरचे किंवा हॉटेलात भांडी घासण्याचे काम कुशल गटात येत नाही.

आता मोजा. परवाना बारा महिन्यांचा आणि अनुभव हवा बारा महिन्यांचा. नोकरी शोधायला एक दिवसही उरत नाही. नव्या देशात पहिल्याच दिवशी आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी कोणाला मिळते? घरी राहून वाचवलेले चार महिने हे नेमके नोकरी शोधण्याचे चार महिने होते.

त्याहून मोठी मेख

मुलगी वाचत पुढे गेली आणि थांबली. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना आणखी दोन अटी आहेत. पहिली भाषेची: विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याला इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये कॅनडाच्या मापाने सातवी पातळी, कॉलेजच्या डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्याला पाचवी पातळी गाठावी लागते. दुसरी विषयाची: बॅचलर, मास्टर्स, पीएच.डी. या पदव्यांना विषयाचे बंधन नाही, पण डिप्लोमा आणि सर्टिफिकेट सरकारने ठरवलेल्या यादीतल्या विषयातच हवे. आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामासारखे कुशल व्यवसाय, शेती, शिक्षण असे गट त्या यादीत आहेत. माहितीपत्रकातला बिझनेस मॅनेजमेंटचा सर्टिफिकेट कोर्स त्यात नव्हता.

म्हणजे बारा महिन्यांचा परवानाही नाही. शून्य. वडील बराच वेळ गप्प बसले.

इतर देशांतही वाट हीच

हे फक्त कॅनडाचे नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय किंवा तीन क्रेडिट धरतात. जुलै २०२० मध्ये सगळे वर्ग ऑनलाइन असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा आदेश निघाला होता. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्यावर आठवडाभरात तो मागे घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियात एकतृतीयांशाहून अधिक कोर्स ऑनलाइन करता येत नाही. ब्रिटन दूरशिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसा देतच नाही.

पूर्ण पदवी इथूनच ऑनलाइन घ्यावी असे कुणी म्हणेल. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पदव्या विकणाऱ्या खासगी कंपन्यांबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला आहे: अशा पदव्यांना मान्यता नाही. ज्ञान मिळवण्यासाठी ऑनलाइन शिकायला काहीच हरकत नाही. पण तिथे राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

पी.आर.ची हमी कोणी देऊ शकत नाही

कॅनडाने दारही अरुंद केले आहे. २०२५ साठी पाच लाख लोकांना कायम वास्तव्य देण्याची योजना होती, ती ३,९५,००० वर आणली. २०२६ साठी आकडा ३,८०,००० आहे. २०२६ मध्ये नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १,५५,००० परवान्यांचेच उद्दिष्ट आहे. निवड वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांच्या गुणांवर होते. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ पासून बंद झाले. प्रवेश मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही, व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नाही आणि परवाना म्हणजे पी.आर. नाही. प्रत्येक पायरीवर वेगळी परीक्षा आहे.

पैसे भरण्यापूर्वी

जमीन किंवा दागिना विकायच्या आधी घरातल्या सर्वांनी बसून एवढे तपासावे:

• कॉलेज कॅनडा सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि नेमक्या त्या कोर्सला कामाचा परवाना मिळतो का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

• कोर्सचा किती भाग ऑनलाइन आहे, हे कॉलेजकडून लेखी घ्यावे. कॅनडात राहूनही निम्म्याहून अधिक ऑनलाइन चालत नाही.

• फी आणि प्रवासखर्च सोडून एका विद्यार्थ्यासाठी वर्षाला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते, त्यावर सगळा खर्च भागत नाही.

• व्याजाचे कर्ज नको असलेल्या घरांनी लक्षात ठेवावे की रक्कम दाखवायला कर्ज किंवा मुदत ठेव हेच मार्ग नाहीत. चार महिन्यांचे बँक स्टेटमेंट, भरलेल्या फीची पावती, मदत करणाऱ्या नातेवाइकाचे पत्र, हेही चालते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

• लग्न झालेले असेल तर जोडीदाराला कामाचा परवाना आता ठरावीक कोर्सनाच मिळतो, जसे सोळा महिने किंवा अधिकचे मास्टर्स, पीएच.डी.

• प्रवेशपत्र खरे आहे का, हे कॉलेजला थेट ईमेल करून विचारावे. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांमुळे भारतातून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली होती. त्यांतल्या अनेकांना पत्र खोटे असल्याचा पत्ताही नव्हता. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याचे नाव कॅनडातल्या परवानाधारक सल्लागारांच्या यादीत असायला हवे. ती यादी कोणालाही पाहता येते.

नियम बदलत राहतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून वाचावे, आमच्या या लेखावरही विसंबू नये.

निघताना वडिलांनी माहितीपत्रकाची घडी करून खिशात टाकली. पैसे त्यांनी भरले नाहीत. मुलगी आता इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे आणि विद्यापीठातल्या मास्टर्सची माहिती काढते आहे. जायचे की नाही, हे अजून ठरायचे आहे. पण जायचे तर पहिल्या दिवसापासून तिथल्या वर्गात बसायचे, एवढे घरात ठरले आहे.

दारात चपला घालताना वडील म्हणाले, "सर, कुवेतला मी कफीलच्या भरवशावर गेलो. काँट्रॅक्ट अरबीत होते, न वाचताच सही केली. हिच्यावर ती वेळ नको. ही वाचून सही करेल, इन्शाअल्लाह."