भीती दाखवली, वाट कोण दाखवणार?

मगरिबची अजान होते. खजूर, दोन घोट पाणी, फळांच्या दोन फोडी. रोजा सुटतो. नमाज आटोपून मंडळी बाहेर येतात आणि काहींची पावले थेट पानटपरीकडे वळतात. तेरा-चौदा तास आवरलेली तलफ दिवसभराच्या भुकेपेक्षाही मोठी ठरते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर रमजानच्या संध्याकाळी हे दृश्य नवे नाही. हातातल्या पाकिटावर कर्करोगाचे भयंकर चित्र असते. अंगठा नेमका त्या चित्रावर ठेवून सिगारेट काढली जाते.

ते चित्र दिसत नाही असे नाही, ते पाहायचे नसते. २०१६पासून आपल्याकडे पाकिटाचा ८५ टक्के भाग अशा इशाऱ्याने व्यापला आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के लोकांनी सांगितले, की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. तंबाखू खाणाऱ्यांत हे प्रमाण ४६.२ टक्के होते. म्हणजे संदेश पोहोचतो, पण विचार येणे आणि सुटणे यांत मोठे अंतर आहे.

भुसावळचा मुकेश हराणे आठवतो? गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला आणि २००९मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. टाटा रुग्णालयातले त्याचे शब्द पुढे देशभरातल्या चित्रपटगृहांत ऐकू आले. सुरुवातीला प्रेक्षक सुन्न झाले. मग तीच फीत दर सिनेमाआधी आणि मध्यंतरानंतर लागू लागली, तसे कुणी मोबाइल काढला, कुणी पॉपकॉर्न आणायला उठले. पुढे तर त्याच्या नावावर विनोद झाले. एका आईचा तरुण मुलगा थट्टेचा विषय झाला.

ही थट्टा केवळ निर्दयपणाची नव्हती. १९५३मध्ये अमेरिकेत जेनिस आणि फेशबॅक या अभ्यासकांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर व्याख्याने दिली. ज्या मुलांना सर्वांत जास्त घाबरवले, ती काळजीत पडली खरी, पण सल्ला त्यांनीच सर्वांत कमी पाळला. पुढच्या संशोधनाने यात भर घातली. भीतीसोबत ‘हे मला जमेल’ हा विश्वास आणि सोपी वाट दिली तर माणूस बदलतो. वाट नसेल तर तो भीतीलाच बाजूला सारतो. मान फिरवतो किंवा हसतो.

महाराष्ट्रात आणखी एक गफलत होते. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के. त्यामुळे पडद्यावर धूर दिसला, की तंबाखू मळणारा म्हणतो, ‘हे आपल्यासाठी नाही.’ मुकेश मात्र त्याचीच गोष्ट सांगत होता.

जाहिरातीत जो विश्वास कमी पडतो, तो रमजान रोज देतो. रोजात सिगारेट, विडी, तंबाखू काहीच चालत नाही. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाराही सूर्य मावळेपर्यंत एकीलाही हात लावत नाही. ‘सुटत नाही’ हे म्हणणे तो स्वतःच रोज खोटे पाडतो. अडचण रात्रीची आहे. निकोटिन सोडल्यावर पहिले दोन-चार दिवस सर्वांत कठीण जातात, मग त्रास उतरू लागतो. इफ्तारनंतर पुन्हा ओढणारा हा कठीण टप्पा ओलांडतच नाही. पहिल्याच पायरीवर रोज नव्याने उभा राहतो. रात्रही सांभाळली तर ईदचा चाँद दिसेपर्यंत अवघड काळ बराचसा मागे पडलेला असतो.

हे बळ एकाच धर्माचे नाही. ज्या नाक्यावर नवरात्रात देवीसाठी नऊ दिवस अनवाणी चालणारे भक्त दिसतात, जिथे जैन मंदिर आणि ज्यूंचे सिनेगॉग आहे, तिथे नेम म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागत नाही. श्रावणात महिनाभर मांस-मद्य सोडणारी घरे गल्लोगल्ली आहेत. प्रश्न महिना संपल्यावरचा असतो.

तिथे मदत घेण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. घरच्यांनी टोमणे मारण्याऐवजी इफ्तारनंतरची ती पहिली पंधरा मिनिटे सोबत घालवावीत, चहा द्यावा, गप्पा माराव्यात. मित्रांनी तर एवढेच करावे: रोजा सोडून आलेल्यापुढे पाकीट धरू नये.