दिव्याविना ऊब

थंडीच्या दिवसांत कोंबडीची लहान पिल्ले सांभाळणाऱ्याला धास्ती असते ती रात्री वीज जाण्याची. खोक्यावर टांगलेला शंभरचा दिवा विझतो, पिल्ले कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि सकाळी तळाची पिल्ले गुदमरून मेलेली सापडतात. थंडीवर पिल्लांनी शोधलेला उपायच त्यांच्या जिवावर उठतो.

पिल्लाला एवढी थंडी का वाजते? मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° सें. असते आणि ते टिकवायला तिच्या अंगावर पिसांचे दाट आवरण असते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव. शिवाय आकाराची अडचण आहेच. ६४ लहान ठोकळे रचून एक मोठा घन करा. वजन ६४ पट होते, पृष्ठभाग मात्र १६ पटच. उलट बाजूने पाहिले तर वस्तू जितकी लहान, तितका दर ग्रॅममागे तिचा पृष्ठभाग जास्त, आणि उष्णता निसटते ती पृष्ठभागातूनच. ४० ग्रॅमचे पिल्लू म्हणूनच लवकर गारठते. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५° सें.ची ऊब लागते; पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करतात.

आता पिल्ले घेऊन बसलेली कोंबडी पाहा. भोवतालची हवा ती तापवत नाही. तिच्या पोटाखालची उघडी, गरम कातडी पिल्लांच्या पाठीला टेकते आणि पंख त्यांची स्वतःची उष्णता कोंडून धरतात. पिल्ले बाहेर येऊन दाणे टिपतात, गारठली की पुन्हा आत शिरतात. म्हणजे सगळे खोके तापवण्याची गरज नसते. परत येण्यासाठी एक उबदार जागा पुरते. दिवा टांगून आपण बरीचशी उष्णता वाया घालवतो.

निवांत बसलेले पिल्लू ढोबळ मानाने पाव वॅट उष्णता निर्माण करते. पन्नास पिल्ले म्हणजे आपला ‘झिरोचा’ दिवा! (नाव झिरो असले तरी तो १२ ते १५ वॅट वीज खातो.) ही उष्णता राखली तर बरेच काम होते, सगळे मात्र नाही. पहिल्या काही दिवसांत, किंवा पिल्ले थोडीच असतील तर, बाहेरून भर घालावीच लागते.

ती भर गरम पाण्याने घालता येते. ५ लिटर पाणी ७०° वरून ४०° पर्यंत निवताना सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता देते. शंभरच्या दिव्याला तेवढी द्यायला पावणेदोन तास लागतात. घट्ट झाकणाचा डबा जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या मधोमध ठेवावा. खाली भाताच्या तुसाचा चांगला थर असावा. डब्याभोवती बुटकी चौकट करून तिच्यावर जुनी घोंगडी घालावी आणि तिच्या पट्ट्या पिल्लांच्या पाठीला टेकतील अशा सोडाव्यात. सुटे धागे कापून टाकावेत, नाहीतर पाय अडकतात. कोपरे पुठ्ठा लावून गोल केले तर पिल्ले एका जागी चेंगरत नाहीत. फडक्यावरून डबा कोमट लागू लागला की पाणी बदलावे. रात्री त्यासाठी उठावे लागते, त्याला इलाज नाही.

खोके कधीही पूर्ण बंद करू नये. श्वासाची वाफ आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया यांना वाट हवी. लव ओली झाली की तिच्यातली हवा जाते आणि ऊबही जाते.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पिल्लांबरोबर त्या खोलीत झोपलेली माणसेही त्याने दगावू शकतात.

तापमापक नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. ती घोळका करून मोठ्याने चिवचिवत असतील तर गारठली आहेत. चोच उघडी ठेवून, पंख सैल सोडून दूर पळत असतील तर उकडते आहे. इकडेतिकडे पसरून हलक्या आवाजात कुजबुजत असतील, तर आपणही झोपायला हरकत नाही.