बेडक्याची साक्ष

झाकणाची प्लास्टिकची डबी पेशंटच्या हातात देताना सिस्टर हमखास बजावतात, "थुंकी नको, बेडका पाहिजे." थुंकी तोंडातली. बेडका फुफ्फुसांच्या नळ्यांतून खाकरून वर येतो आणि येताना तिथल्या पेशी, त्यांनी सोडलेली रसायनं, जंतू असं सगळं बरोबर घेऊन येतो. आपल्याकडे ही डबी म्हणजे टीबीची तपासणी, हे पक्कं बसलंय. दम्यात किंवा सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजारात, तिची आठवण क्वचितच होते.

इंग्लंडमधल्या डर्बीचे डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांना ती झाली. स्टेरॉइडच्या गोळ्या तेव्हा नव्या होत्या आणि जुनाट दम्यात त्यांचा फारसा उपयोग नाही, असं आधीच्या चाचण्यांवरून वाटू लागलं होतं. ब्राउन पेशंटचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघत. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर, त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने झपाट्याने उतार पडे. ज्यांच्यात त्या नाहीत, त्यांना जवळपास काहीच फरक पडत नसे. हे त्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. (इओसिन या गुलाबी रंगाचं नाव ग्रीकांच्या उषादेवीवरून आलं, तो रंग शोषतात म्हणून या पेशी इओसिनोफिल.) म्हणजे दमा हे एकच नाव असलं तरी आतले आजार वेगवेगळे होते. औषध नापास झालं नव्हतं, ते सरसकट वाटलं गेलं होतं.

इतकी सरळ गोष्ट पुढे कित्येक वर्षं बाजूला पडली, याचं मला नवल वाटतं. एक अडचण खरी होती: सगळ्यांनाच बेडका पडत नाही. त्यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९२ साली रीतसर पद्धत मांडली. पेशंटला खारट पाण्याचे बारीक तुषार हुंगायला देऊन बेडका पाडायचा. आता आधी नळ्या मोकळ्या करणारा पंप देतात, मग समुद्राच्या पाण्याइतकं किंवा त्याहून थोडं खारट पाणी नेब्युलायझरने ओढायला लावतात. आलेला चिकट गोळा रसायनाने पातळ करून काचपट्टीवर पसरतात आणि पेशी मोजतात.

मोजून फायदा काय? इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ७४ दमेकऱ्यांवर वर्षभर चाचणी झाली. निष्कर्ष २००२ साली आले. निम्म्यांचे उपचार नेहमीच्या लक्षणांवरून, उरलेल्यांचे बेडक्यातले इओसिनोफिल ३ टक्क्यांखाली ठेवण्याच्या हिशेबाने. पहिल्या गटात दम्याचे तीव्र झटके १०९, दुसऱ्यात ३५. आणि स्टेरॉइड एकूण दोन्हीकडे साधारण तेवढंच लागलं! ते फक्त योग्य माणसाला मिळालं.

हिरव्या बेडक्याची गोष्ट वेगळी. तो रंग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधल्या लोहयुक्त एन्झाइमचा, मायलोपेरॉक्सिडेजचा. याच पेशी इलास्टेज नावाचं एन्झाइमही सोडतात, आणि ते श्वासनळ्यांच्या भिंती कुरतडतं. ब्राँकिएक्टेसिसमध्ये, म्हणजे नळ्या कायमच्या फुगून ढिल्या पडतात त्या आजारात, बेडक्यात इलास्टेज जितकं जास्त तितकं दुखणं उलटण्याची भीती जास्त. आपल्यासाठी हे दूरचं नाही. भारतातल्या २,१९५ रुग्णांच्या नोंदणीत या आजाराचं सर्वांत मोठं कारण निघालं होऊन गेलेला टीबी: शंभरातल्या सुमारे ३५ जणांत. इलास्टेजसारखी एन्झाइमं मुळातच जागी होऊ न देणाऱ्या ब्रेनसोकॅटिब या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

एवढी उपयोगाची असूनही बेडक्यातली ही पेशीमोजणी गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही. नमुना काही तासांत हाताळावा लागतो, मोजणारा तरबेज लागतो. म्हणून डॉक्टर बरेचदा रक्तातल्या इओसिनोफिलवर भागवतात. ते सोपं आहे, पण फुफ्फुसात काय चाललंय ते रक्त दरवेळी नेमकं सांगत नाही.

तुम्हाला डबी दिलीच, तर सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. रंग बदलला असेल तर डॉक्टरांना सांगा. हिरवा दिसला म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणू नका.