लिगंड एकमेकांशी बोलतात, हे कशावरून?

१९६९ मध्ये कॅरल क्रॉइट्झ आणि हेन्री टाउबे यांनी रुथेनियमचे दोन अणू पायराझिनच्या कड्याने जोडले. एका रुथेनियमचा इलेक्ट्रॉन काढला तर दुसऱ्याला त्याची खबर लागते का, हा त्यांचा प्रश्न होता. धातूला बिलगलेला सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड, तिथे केवळ पूल होता. पण मांडणी उलटीही करता येते: टोकांना दोन लिगंड आणि मधे धातूंची जोडी. मुंबईत १९४५ साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात संशोधन केलेल्या माल्कम चिझम यांनी मॉलिब्डेनम आणि टंगस्टनच्या जोड्या घेऊन हेच तपासले. या जोडीतले अणू चौपदरी बंधाने बांधलेले असतात. त्यातला चौथा पदर, डेल्टा, सर्वांत सैल. पण निरोप पोचवायला तोच उपयोगी, कारण त्याच्या कक्षकाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वावरतो त्या प्रदेशाचा, आकार दोन्ही बाजूंच्या लिगंडांच्या कक्षकांशी जुळतो. लिगंड धातूंच्या जोडीशी एकाच प्रतलात सपाट हवा, एवढीच अट. तो पिळला गेला की जोडणी क्षीण होते.

आता पुरावा. सर्वांत सोपी मोजणी व्होल्टेजची: पहिला इलेक्ट्रॉन घालायला किती लागला आणि दुसरा घालायला किती, यांतला फरक मोठा तर संवाद पक्का, असे अनेकदा मानले जाते. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. अजिबात संवाद नसला तरी केवळ संभाव्यतेच्या गणिताने सुमारे ३६ मिलिव्होल्टचा फरक पडतोच. शिवाय दोन ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, आणि त्यासाठी कक्षकांची जुळणी लागत नाही. द्रावक किंवा त्यातला क्षार बदलला तर त्याच रेणूचा फरक बदलतो. मग तो आकडा रेणूच्या आतल्या पुलाबद्दल बोलतो की बाहेरच्या द्रावणाबद्दल?

म्हणून प्रकाशाची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. लेझरच्या स्पंदाने डेल्टा पदरातला इलेक्ट्रॉन लिगंडाकडे ढकलायचा आणि लगेच अवरक्त किरणांनी पाहायचे. लिगंडावर कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध असला, तर तो सेकंदाला साठ लाख कोटींहून अधिक वेळा कंप पावतो. जादा इलेक्ट्रॉन आला की तो सैल पडतो, कंपने मंदावतात. इलेक्ट्रॉन एकाच लिगंडावर असेल तर एक बंध बराच बदलेल आणि दुसरा जवळपास तसाच राहील. वाटला गेला असेल तर दोन्ही थोडे थोडे बदलतील. इलेक्ट्रॉन दोन टोकांत वेगाने उड्या मारत असेल आणि आपल्याला नुसती सरासरी दिसत असेल, ही शंका रास्त आहे. चुंबकीय अनुनादासारख्या संथ पद्धतीला ती पुरती लागू पडते. अवरक्त मोजणीला चकवायचे तर उडी साधारण पिकोसेकंदात किंवा त्याहून लवकर व्हायला हवी, आणि इतक्या वेगात उडी व वाटणी यांतली रेषाच पुसट होते. टंगस्टनचा डेल्टा कक्षक मॉलिब्डेनमच्या तुलनेत सुमारे अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर, म्हणजे लिगंडांच्या रिकाम्या कक्षकांच्या अधिक जवळ असतो. त्यामुळे लिगंड तेच ठेवून नुसता धातू बदलला तरी टोकांमधली जोडणी टंगस्टनमध्ये अधिक घट्ट होते.