जुन्या गाडीचं खरं वय

टाटा मोटर्सनं २००४ साली ‘इंडिगो मरिना’ बाजारात आणली, तेव्हा लांब पाठीच्या गाडीची भारतीय ग्राहकाला फारशी ओढ नव्हती. त्याआधी १९९२ मध्ये याच कंपनीची ‘टाटा इस्टेट’ पुण्यातून बाहेर पडली होती. मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’ आणि ओपेलची ‘कोर्सा स्विंग’ याही आल्या आणि गेल्या. पुढे मरिनाचं उत्पादनही थांबलं. पण बारामती-इंदापूरच्या शेतकरी कुटुंबाला जे लागतं ते नेमकं या गाडीत होतं. पाच माणसं ऐसपैस बसतात आणि मागे ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताची दोन-चार पोती किंवा लेकीच्या घरी पोचवायचं वर्षाचं धान्य मावतं. ते बाहेर काढायला मागचा अख्खा दरवाजा वर उचलला जातो.

अशी जुनी गाडी आज नव्या गाडीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते. घेणारा दोनच प्रश्न विचारतो: पासिंग कधीचं आणि रनिंग किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. मरिनाच्या १४०५ सीसी इंजिनाला कंपनी ‘४७५’ म्हणत असे, म्हणजे ४ सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. वेळच्या वेळी ऑइल मिळालं तर असा लोखंडी ठोकळा वर्षानुवर्षं चालतो. गाडी म्हातारी होते ती त्याच्या भोवतीच्या मऊ आणि वाहत्या गोष्टींत: रबर, प्लॅस्टिक, कुलंट, ब्रेक ऑइल. आणि त्या किती झिजल्या हे गाडी कुठे राहिली, काय प्यायली, यावर ठरतं.

बोअरचं पाणी आणि रेडिएटर

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातून वाहू लागला, पुढे इंदापूरच्या उशाला उजनीचं पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. वर्षानुवर्षं पाणी भरलेल्या काळ्या रानात क्षारही साचले. जमीन चोपण होणं आणि बोअरला जड पाणी लागणं इथे कुणाला नवं नाही. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांचा शेतीवरचा परिणाम अभ्यासणारी ‘आयसीएआर’ची राष्ट्रीय संस्था बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून आहे, ती उगाच नव्हे.

हेच पाणी बाटलीतून रेडिएटरमध्ये जातं. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते जिथे सर्वांत गरम, तिथेच चिकटतं. गिझरच्या कॉईलवर जमणारा पांढरा थर तो हाच. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत हा थर सुमारे शंभरपट कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे कागदाइतका पापुद्राही रेडिएटरला आणि सिलिंडर हेडला महागात पडतो. गाडी मोकळी पळते तोवर कळत नाही, पण मे महिन्यात एसी लावून, भरल्या डिकीनं चढ चढताना काटा वर सरकू लागतो.

कुलंटमध्ये पाण्याइतकंच महत्त्वाचं काम इथिलिन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं करतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण दाब धरून ठेवणाऱ्या बुचाखाली सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. गंजरोधकं मात्र वापरानं संपतात. शिवाय काही कुलंटमधली फॉस्फेटं आणि सिलिकेटं जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून गाळ होऊन बसतात. कुलंट भारीतलं घेतलं आणि पाणी हापशाचं घातलं, तर अर्धा खर्च वाया जातो. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिश्रणच वापरावं.

म्हणून गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जावं. रेडिएटरचं बूच उघडून आत बोट फिरवावं. पांढरट चुनखडी लागली तर जड पाण्याची सवय आहे. तांबूस गाळ लागला तर आत गंज आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली आणि इंजिन चालू असताना कुलंटमधून बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. गरम रेडिएटरचं बूच मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच आतलं द्रव उसळून तोंडावर येतं.

आपल्याच उसाचं पेट्रोल

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा साखर कारखान्यांचा हा पट्टा. इथल्या गाडीच्या टाकीत आता उसाचा वाटा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात २००१ मध्ये सुरू झाले. तीनपैकी दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाडला. २०२२ मध्ये देशानं सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ई-२०’ पंपावर आलं आणि आज २० टक्के मिश्रण सर्वत्र आहे.

आसवनीत मळी किंवा रस आंबवून ऊर्ध्वपातन केलं की अल्कोहोल सुमारे ९५.६ टक्क्यांपाशी अडतं. उरलेलं पाणी त्याच्यासोबतच उकळतं. ते काढायला झिओलाइटच्या चाळण्या लागतात, ज्यांची छिद्रं पाण्याच्या रेणूला आत घेतात आणि इथेनॉलच्या रेणूला बाहेर ठेवतात. थेट रसापासून बनवलं तर एक टन उसातून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं. म्हणजे मरिनात ३५ लिटर पेट्रोल भरलं, की त्यातल्या ७ लिटर इथेनॉलमागे सुमारे १ क्विंटल ऊस असतो.

पेट्रोल मरिनाच्या मालकाला यातल्या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली अ‍ॅव्हरेजची. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं इंधन ‘ई-२०’वर ६ ते ७ टक्के जास्त जळतं. १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी १४ वर आली, तर मिस्त्रीला दोष देण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट रबराची. याच आराखड्यात नोंदवलेल्या चाचण्यांत धातूंना अडचण आली नाही, इंजिनही बंद पडलं नाही. पण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत रबरी भाग कमी टिकाऊ ठरले आणि ‘पीए-६६’ या नायलॉनची ताणशक्ती घटली. इथेनॉलचा रेणू लहान आणि ध्रुवीय असतो. तो जुन्या रबरात शिरतो, रबर फुगतं, त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं निघून जातात आणि वाळल्यावर ते कडक होऊन तडकतं. २००५-०६ च्या गाडीत इंधनाचे होजपाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि पंपाचं सील हे भाग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घेणं हा गाडी घेतल्यावरचा पहिला खर्च धरावा. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथून हलवूच नये.

आधुनिक इंजिनातला ऑक्सिजन सेन्सर धुराडं तपासत राहतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. हा फरक सेन्सर सांभाळून घेतो, पण तो स्वतः शाबूत असेल तर! गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहणार असेल, तर आणखी एक काळजी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो, आणि पंप तळातूनच ओढतो. अशी गाडी आठवड्या-पंधरवड्याला फिरवून ताजं पेट्रोल भरलेलं बरं.

डिझेल मरिनाला ही भानगड नाही. तिची तपासणी वेगळी. जुन्या पद्धतीच्या डिझेलमध्ये इंधन आधी छोट्या पूर्वकक्षात पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग नीट लागतात. पहाटेच्या पहिल्या सेल्फला गाडी उचलते का ते बघावं. निळा धूर ऑइल जळल्याचा, काळा धूर डिझेल जास्त जात असल्याचा, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर सहसा आत पाणी शिरल्याचा.

रबर उन्हात शिजतं

रसायनशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. इंदापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत ऑक्सिजन रबराच्या लांबलचक साखळ्या तोडतो आणि नव्या गाठी मारतो. गाडी चाललेली असो वा नसो, हे काम सुरूच असतं. त्यामुळे ‘फक्त ४० हजार रनिंग’ असलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट भरवशाचा नसतो. धावत्या इंजिनात तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललाच नाही असं समजून नवा टाकावा.

टायरचं वय त्याच्या कुशीवरच लिहिलेलं असतं. ‘१८१९’ म्हणजे २०१९ च्या १८ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल असली तरी कुशीवर बारीक भेगा दिसल्या, तर हवेतल्या ओझोननं रबर खाल्लेलं आहे. स्टेपनीचाही आकडा वाचावा. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं.

दिवे घाटातला ब्रेक

बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड करत पुण्याकडे निघालं की दिवे घाट उतरावा लागतो. ब्रेक ऑइलची परीक्षा इथे होते. हे ऑइल ओलावा शोषतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पाच माणसं, भरलेली डिकी आणि सतत दाबलेला ब्रेक यांनी कॅलिपर तापतो, आतलं पाणी वाफ होतं. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक अचानक मऊ पडून खाली जातो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च आहे. घाटात खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी धरू द्यावी.

लांब डिकीचा आणखी एक परिणाम असतो. मागच्या चाकांच्याही मागे ओझं ठेवलं, की गाडीचं नाक किंचित उचलतं. पुढच्या चाकांवरचा भार घटतो, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, त्या रस्त्यावर हे घातक आहे. जड पोती मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवावीत, हलकं सामान मागे. हवेच्या तक्त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो पाळावा.

पत्रा आणि कागद

मुंबई-कोकणातून आलेल्या गाडीपेक्षा इथल्या गाडीचा पत्रा सहसा चांगला राहतो. धोका असतो तो चिखलाचा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून फुगते, चाकांच्या कमानीत घट्ट बसते, आणि तिच्यातले क्षार गंजाला लागणारी विद्युत-रासायनिक वाट करून देतात. पावसाळ्यानंतर कमानी आतून धुवाव्यात, दारांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं मोकळी करावीत. स्टेपनीची जागा आणि मागच्या दरवाजाची चौकट स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघावी. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं जातं तिथेच पत्रा भुसभुशीत लागला, तर व्यवहार सोडून द्यावा. तिथे वेल्डिंगचा भरवसा नाही.

आरसी, विमा, चलनं आणि कर्जाचा बोजा ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर आधी तपासावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवायचं असतं. केवळ सह्या केलेले फॉर्म घेऊन वर्षभर गाडी फिरवणं दोघांनाही अडचणीचं, कारण अपघात झाला तर जबाबदारी कागदावरच्या मालकाकडे येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यापुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढते, पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचं शुल्क बरंच वाढलं आहे. ही रक्कम सौद्यातच धरावी.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात सगळी द्रवं बदलली जातात: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट. काढलेलं कुलंट गोठ्यामागच्या चरात ओतण्याची सवय सोडायला हवी. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, वासरंही तोंड लावतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात आणि जनावर दगावतं. जळकं ऑइल विहिरीत झिरपलं तर पाण्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही. दोन्ही वेगवेगळ्या कॅनमध्ये झाकण लावून ठेवावीत आणि वापरलेलं ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्वापर केंद्राला देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावीत. नव्या मालकानं गॅरेज निवडताना मिस्त्रीला मजुरीच्या आधी हे विचारावं.