एका डोंगराचे पाणी

पावसाळ्यात डोंगर चढणे हा शहरी लोकांचा शौक, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हणत असे. पण गेल्या श्रावणात दोघा मित्रांबरोबर पुरंदर चढलो आणि खाली येताना एक गोष्ट घेऊन आलो. ती आपल्याला सांगतो.

आबा बारामती तालुक्यातल्या सुप्याकडचे. शेती जिरायत. बाजरी पोटरीत आलेली आणि पंधरा दिवस थेंब नाही. अण्णा इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाचे. उसाची पाळी वेळेवर येईल याची खात्री नाही. एसटी मोरगावला पोचायच्या आत दोघांची पाण्यावरून जुंपली. "कालवा दारात असणाऱ्यांना आमचे दुःख काय कळणार?" आबा म्हणाले. अण्णा म्हणाले, "दारात आहे, पण कोरडा!" सासवडपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

नारायणपूरहून चढ सुरू झाला आणि पावसाने गाठले. पायऱ्यांवर शेवाळ, त्यामुळे काठीचा आधार घेऊनच चढलो. माथ्यावर केदारेश्वराचे दर्शन घेतले. उंची १,३८७ मीटर. ढग जरा फाटले, तेव्हा मी दोन्ही बाजू दाखवल्या. उत्तरेच्या उताराचे पाणी कऱ्हेला जाते, दक्षिणेचे नीरेला. दोन्ही नद्या बारामती तालुक्यात सोनगावजवळ एक होतात. तेच पाणी पुढे इंदापूरच्या कडेने वाहत नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. आबा आणि अण्णा एकमेकांकडे पाहू लागले.

वारा सह्याद्रीवर चढताना थंड होतो आणि तिथेच पाणी सांडतो. पूर्वेला उतरताना तो कोरडा होतो. म्हणून डोंगर भिजतो आणि आपल्याकडे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे आपल्याला बदलता येत नाही.

उतरताना ओघळीतून तांबडे पाणी धावत होते. आबा थांबले. "साहेब, माझाही बांध गेल्या वर्षी फुटला. म्हटले, एवढ्याशा रानातून जाऊन जाऊन किती पाणी जाणार?"

मी हिशेब सांगितला. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. यातले जे वाहून जाते, ते माती घेऊन जाते. आबा सासवड येईपर्यंत गप्प होते.

पुढच्या रविवारी अण्णा फावडे घेऊन सुप्याला गेले. दोघांनी मिळून बांध घातला, सांडव्याला दगड लावले. बाजरी निम्मीच हाती आली, ती काही बांधाने वाचली नाही. पण परतीचा पाऊस रानात मुरला आणि त्या ओलीवर आबांनी ज्वारी पेरली.

आपणही पेरणी उताराला आडवी करा. फुटका बांध पावसाआधी सांधा, जास्तीच्या पाण्याला दगडी सांडवा ठेवा, जमल्यास शेततळे घ्या. आणि एखादा दिवस मुलाबाळांसह डोंगरही पाहून या. पुरंदरावर लष्कराचा वावर आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरा. भाकरी मात्र जास्त न्या. चढणीवर भूक फार लागते!