एकट्या प्रवाशाची हाक

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ साली गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थ बंदर तेथून सुमारे १,९०० सागरी मैल दूर होते. जागचे उठणेही अशक्य झालेल्या या खलाशाने संकटसूचक बीकन चालू केले आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्तीनौकेने त्यांना सुखरूप उचलले.

डोंगरदऱ्यांतून पायी हिंडणाऱ्यांसाठी याच जातीचे, मुठीत मावेल एवढे यंत्र मिळते. त्यावरून बोलता येत नाही, की कुशल कळविता येत नाही. ४०६ मेगाहर्ट्झच्या लहरींवरून आपला ओळखक्रमांक तेवढा ते उपग्रहांकडे पुनःपुन्हा धाडीत राहते. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. उपग्रहाच्या गतीमुळे लहरींत पडणाऱ्या अशाच फरकावरून प्रारंभी ठिकाण काढीत असत. आता बहुतेक यंत्रे आपले अक्षांश-रेखांश स्वतःच कळवितात. शोधपथक जवळ आले म्हणजे १२१.५ मेगाहर्ट्झची दुसरी लहर त्याला वाट दाखविते.

या व्यवस्थेचे नाव कॉस्पास-सारसॅट. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे वैर ऐन भरात असताना कॅनडा व फ्रान्ससह त्या दोघांनीच ती उभारली, हे नवलच म्हटले पाहिजे. तिच्यामुळे पहिली सुटका १९८२ च्या सप्टेंबरात झाली; कॅनडात विमान कोसळून अडकलेले तिघे वाचले. भारतात बंगळूर व लखनौ येथे उपग्रहांचे संदेश टिपणारी केंद्रे आहेत.

मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे काम संपले, असे नव्हे. ओळखक्रमांकापुढे मालकाचे नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी नोंदविलेला असावा लागतो. संदेश येताच अधिकारी प्रथम तेथेच चौकशी करतात. प्रवासी कोणत्या वाटेने गेला, बरोबर कोण आहे, हे घरच्यांना ठाऊक असेल तर कित्येक तास वाचतात. यंत्र दुसऱ्यास दिले आणि नोंद तशीच राहिली, तर संकट एकावर आणि विचारणा भलत्याच घरी!

जहाजावरील काही बीकने पाण्यात पडताच आपोआप चालू होतात. प्रवाशाचे बीकन हातानेच चालू करावे लागते. म्हणून ते सामानाच्या तळाशी न ठेवता अंगावर बाळगावे. हाक देताना आकाश मोकळे दिसेल अशी जागा धरावी आणि मदत पोहोचेपर्यंत यंत्र बंद करू नये. त्याची बॅटरी निदान २४ तास टिकेल अशी योजना केलेली असते.